माळवदाचा कठडा

भिजवलेल्या पांढऱ्या मातीचा वास आला की मला भूम गावातलं आमचं माळवद, म्हणजे घराचं मातीचं सपाट छत, आठवतं. रझाकारांचे दिवस होते, कुणाचा कुणावर भरवसा उरला नव्हता. त्यात सरकारी दवाखान्यातल्या यहुदी कंपौंडरनं आमच्या शेजारी भिंतीला भिंत लावून घर बांधलं आणि माळवदावर कंबरेएवढा कठडा उभारला. आमच्याकडं माळवदाला कठडा कुणी करत नसे. थोरले चुलते मला म्हणाले, "हा ना देवळात जातो, ना मशिदीत. बंदुका लावायला आडोसा केलाय त्यानं. भोकं हायत का बघून ये." भर दुपारी मी आमच्या माळवदावरून त्याच्या माळवदावर उतरलो. कठड्याच्या बुडाशी एक भोक दिसलंच. ते बघायला वाकलो आणि नुकत्याच अंथरलेल्या ओल्या पांढऱ्या मातीवरून पाय सटकला. कठडा हाताला लागला म्हणून वाचलो, खाली दगडी फरशी होती. मागं कंपौंडर उभा होता. "ते पावसाच्या पाण्यासाठी आहे," तो शांतपणे म्हणाला. "आमच्या 'तोरा' या धर्मग्रंथात सांगितलंय, नवं घर बांधलं की छताला कठडा करावा. नाहीतर कुणी पडलं तर त्याचं रक्त घरधन्याच्या माथी." माझा संशय जाईना. मी विचारलं, "तुम्ही तर एकलेच राहता. इथून पडणार कोण?" तो म्हणाला, "तुम्ही आलातच की, न विचारता." मग स्वतःच्या जिन्यानं त्यानं मला खाली सोडलं. परवा लेकाच्या घराचा स्लॅब टाकला, तेव्हा गवंड्यानं कठड्याची उंची विचारली. मी म्हणालो, "न विचारता येणारा पण पडू नये, एवढी."