टाकीवाल्याचे ओले हात

काचेच्या मत्स्यटाकीतली पाचही प्रवाळं पांढरीफटक पडली होती. महिनाभर दिवा मंद ठेवा, असं टाकी बसवणारा सांगून गेला होता. मीच तो पूर्ण वाढवला होता.

दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून मला फ्लॅटवर आणल्यापासून मुलगा माझ्याशी धड बोलत नव्हता. त्या भिंतभर टाकीसमोर मात्र तासन्‌तास बसायचा. माझा जळफळाट व्हायचा.

टाकीवाला परत आला. अंगठी काढून खिशात टाकली, कोपरापर्यंत हात धुतले, मग पाण्यात घातले.

"दर्याची जात हाय ना? ऊन सोसंल वाटला मना," मी खोटंच बोलले.

"आजी, घर बदललंय त्यांचं. थोडं सांभाळून घ्यायचं."

मुलगा मान डोलावत होता. माझंही घर बदललं होतं, तेव्हा त्याला असं सांगणारं कुणी नव्हतं.

चार प्रवाळं मेली. एक जगलं, आणि मी.