साबणबाई

पूल मागे पडला तरी हवालदारबाई काही बोलेनात. त्या दिवशी बसवाल्यांचा संप होता, म्हणून आम्ही दोघी पोलीस मुख्यालयापासून चालतच घरी निघालो होतो. माझं शिवणाचं दुकान मुख्यालयाच्या फाटकासमोर. गणवेश बेतायचे, सैल झालेले आत घ्यायचे, घट्ट झालेले उसवायचे, हे माझं काम. बाईंची ओळख त्यातूनच झाली. पुढे कळलं की आम्ही राहतोही एकाच रस्त्यावर.

त्यांचा गणवेश अलीकडे मला सारखा आत घ्यावा लागत होता. एकटं माणूस जेवतं तरी किती? डबा उघडायच्या तो खिडकीशी, उभ्यानंच. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगी लांबच्या शहरात. सुट्टीच्या दिवशी फोन करते आणि दोघी हवापाण्याचं बोलतात. "तिकडे थंडी आहे का गं?" एवढं मी कितीदा तरी ऐकलंय.

पेट्रोल पंपाशी त्यांच्या बुटाची नाडी सुटली. बांधायला वाकल्या नि तिथल्या कठड्यावर बसूनच राहिल्या.

"दमलात का बाई?"

"दमते कसली! शिंपीणबाई, मला नवी पोरं काय म्हणतात, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. माप द्यायला येतात तेव्हा तीच पोरं दुकानात खिदळतात. मी म्हटलं, "नाही बुवा."

"पिंजऱ्यात उभी केली तर पहिल्याच प्रश्नाला सापडशील तू," त्या म्हणाल्या. "साबणबाई म्हणतात मला."

का म्हणतात तेही मी ऐकून होते. भरती झालेल्या प्रत्येक नव्या तुकडीला शनिवारी मुख्यालयाच्या मोठ्या खोलीत शिकवणी असते. सरकारी वकीलबाई कोर्टातून मुद्दाम येतात. टेबलं ओढून लुटुपुटीचं कोर्ट मांडतात. त्या स्वतः आरोपीच्या वकील होतात आणि साक्षीदार म्हणून उभ्या राहतात आमच्या हवालदारबाई. त्या साक्ष देतात की मार खाल्लेली एक बाई चौकीत आली, हात रक्तामातीनं भरलेले, मला दया आली, मी गरम पाणी दिलं, साबण दिला. वकीलबाई विचारतात, "साबण तुम्ही स्वतः दिलात?" "हो, स्वतः." "आभारी आहे," म्हणून त्या खाली बसतात. मग पोरांना फोड करून सांगतात: तिनं हल्ला करणाऱ्याला ओरबाडलं होतं. त्याची कातडी तिच्या नखांत होती, तीच धुतली गेली. आरोपी सुटला. पोरं पोट धरून हसतात. इतकं भोळं पोलिसांत कोण असतं?

"इतकी भोळी मी होते," हवालदारबाई कठड्यावर बसल्या बसल्या म्हणाल्या. "ते नाटक नाही गं. माझीच साक्ष आहे ती. शब्दाला शब्द."

 मी त्यांच्या शेजारी टेकले.

"ती दुसरं काही मागतच नव्हती. मला हात धुवायचेत, मला हात धुवायचेत, एवढंच. मला वाटलं, बाकी काही नाही तर एवढं तरी आपल्याला करता येईल. आणि कोर्टात मी ते मान वर करून सांगितलं गं! वाटलं, न्यायाधीश म्हणतील, बरं केलंत बाई." त्या हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "निकाल लागल्यावर ती बाई बाहेर भेटली. मला हात जोडले तिनं. म्हणाली, तुम्ही एकट्याच माझ्याशी माणसासारख्या वागलात. तिला कळलंच नव्हतं कुणामुळे सुटला तो. मीही सांगितलं नाही."

त्या वेळी सरकारची बाजू याच वकीलबाई मांडत होत्या. तेव्हा अगदी नव्या होत्या. ओरडल्या नाहीत, हवालदारबाईंजवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही आणि मी पहिल्यांदा भेटलो ते थेट साक्षीच्या वेळी. आधी बोललो असतो तर निदान काय विचारणार ते तुम्हाला कळलं असतं. आणि तुमच्या चौकीला हे शिकवायला तरी कोण आलं होतं कधी?" तिथून दोघींनी साहेबांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. एका साहेबाला वाटे वकील पोलिसांच्या चुका काढायला येणार, दुसऱ्याला वाटे शनिवार फुकट जाणार. शेवटी एकानं खोली दिली. इतकी वर्षं ती शिकवणी चालू आहे आणि त्यामुळे कितीतरी खटले टिकलेत, असं वकीलबाईच सांगतात.

"मग झालं की," मी म्हटलं. "देवानं तुमच्या चुकीचंही सोनंच केलं."

"थांब. देवाला मध्ये घेऊ नकोस इतक्यात."

उठून आम्ही पुन्हा चालायला लागलो. उन्हं उतरली होती. दुकानदार फळ्या आत घेत होते.

याच आठवड्यात एका चौकीतून त्यांना फोन आला होता. मागच्याच तुकडीतली शिपाई मुलगी. तिच्याकडे अशीच एक मार खाल्लेली बाई आली. मुलीनं शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. तिला बाकावर बसवलं, हात धुऊ दिले नाहीत, हात लावला नाही, डॉक्टरणीला निरोप धाडला. डॉक्टरणीला यायला उशीर झाला. ती बाई हात अंगापासून लांब धरून बसून होती आणि मुलगी दाराशी उभी होती, कुणी आत येऊन पुराव्याला धक्का लावू नये म्हणून. मध्येच मुलगी निरोपाचं काय झालं ते विचारायला फोनकडे गेली. परत आली तर बाक रिकामा. मुलगी तिच्या घरी गेली तर बाईनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, मला काही सांगायचं नाही, जा तुम्ही.

"मुलगी मला म्हणते, मी तिला बोटसुद्धा लावलं नाही हो बाई, तुम्ही सांगितलंत तसंच. अगदी मान वर करून सांगितलं असणार, माझ्यासारखंच." हवालदारबाई म्हणाल्या. "मी काय शिकवलं गं त्यांना? एका बाईला लांब ठेवायचं शिकवलं. आता महिनाअखेर मी निवृत्त होऊन घरी बसणार. हा शनिवार शेवटचा. एवढंच मागे ठेवून जाऊ?"

या शनिवारी पोरांना अशा बाईच्या शेजारी बसून दाखवायचं, असं वकीलबाईंशी त्या बोलून आल्या होत्या. वकीलबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शेजारी बसायला कुठला कायदा आडवा येत नाही, पाठीवर हात ठेवला तर मी कोर्टात सांभाळून घेईन, पण पाणी नाही, साबण नाही, डॉक्टरणीनं तपासल्याशिवाय काही नाही. शेवटचा तास तुमचा. मात्र बाकावर शिपाई पोरगी बसवू नका, त्या एकमेकींकडे बघून हसतात. बाहेरची कुणी आणा.

आमची गल्ली आली. त्यांच्या खोलीची खिडकी काळोखी होती. अशीच असते, आम्ही परतताना. किल्ली हातात घेऊन त्या पायरीशी थांबल्या.

"शनिवारी दुकान जरा बंद ठेवशील?"

"बाई, मला नाटकबिटक जमायचं नाही. मघाशी पाहिलंत ना?"

"नाटक करायचं नाही. त्या बाकावर बसायचं, हात असे लांब धरून. मी शेजारी बसेन." त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून दाखवले, किल्ली बोटात लटकत होती. "साबण माझ्या खिशात असेल. तुला दिसेलसा. तू तो माग माझ्याकडे. ती मागत होती तसा, सारखा माग, मनापासून माग. मी देणार नाही. आणि उठूनही जाणार नाही. मला हे जमतं का, ते जायच्या आधी एकदा बघायचंय गं. येशील ना?"