आमच्या वाटणीचा बांध

भरवसा आणि आज्ञापालन हे दोन शब्द मी रविवारच्या शाळेत तीस वर्षे मुलांना शिकवले. पद्धत ठरलेली होती: आधी अर्थ, मग उदाहरण, मग प्रश्न. एकदा तरी एखाद्या मुलाने विचारायला हवे होते, की गुरुजी, देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे आपले काम कोणी करायचे? कोणी विचारले नाही, कारण माझ्या वर्गात प्रश्न मी विचारत असे. हे आधीच लिहून ठेवतो. पुढे ज्यांच्यावर मी रागावणार आहे, त्यांत माझाही समावेश आहे.

आमची वस्ती रेवदंड्याच्या खाडीकाठची. ख्रिस्ती घरे चौदा, बाकी सारे शेतकरी आणि कोळी. भातशेती खाडीच्या पातळीच्या खाली आहे आणि खारे पाणी मातीच्या लांब बांधाने अडवलेले आहे. या बांधाचे तुकडे पूर्वापार वाटून दिलेले आहेत. ज्याच्या वाटणीत खेकड्यांनी बिळे केली, त्याने ती बुजवायची. मोठे काम निघाले तर घरटी एक माणूस यायचा. आमच्या ख्रिस्ती मंडळीला कोणीतरी पूर्वी एक शेत दान दिले आणि त्या शेताबरोबर बांधाचा एक तुकडाही आमच्याकडे आला. शेताचे भात आम्ही दर वर्षी कापणीच्या सणाला वेदीपुढे मांडतो. बांधाचा उल्लेख त्या दिवशी कधी होत नाही.

श्रावणातल्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्या शेतामागचा शेतकरी माझ्या दारात आला. वयाने माझ्याएवढाच, पण मी गावच्या शाळेत शिकवत असे म्हणून मला मास्तर म्हणतो.

"मास्तर, तुमच्या वाटनीत पानी झिरपतंय. मूठभर बीळ व्हतं, आता हात जातोय कोपरापर्यंत."

"उद्या उधाण आहे ना?"

"पुनवेचं. बारा वाजता भरती. सकाळी सहाला सुकतीवर, पानी उतरलं की मानसं द्या, दोन तासांत बुजेल. न्हाय दिलीत तर माझं शेत गेलं म्हनून समजा. यंदाचं न्हाय, तीन वर्सांचं."

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. खारे पाणी शिरले की उभे पीक तर जळतेच, शिवाय जमिनीत उतरलेले मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. मी त्याला माणसे देतो असे सांगितले आणि थेट आमच्या ज्येष्ठ पंचांकडे गेलो.

ते ओटीवर बसून दुसऱ्या दिवशीच्या गीतांची यादी करत होते. तो प्रभुभोजनाचा रविवार होता. त्या रविवारी आमच्याकडे सहाला तयारीची प्रार्थना होते आणि साडेआठला पाळक अलिबागहून येऊन उपासना घेतात.

"गुरुजी, नेमकी उद्याचीच वेळ कशी सापडली त्याला?" निरोप ऐकून ते म्हणाले.

"बीळ आज दिसले. बांध आपल्या वाटणीचा आहे."

"आणि दिवस प्रभूचा आहे. पायाला चिखल लावून प्रभूच्या मेजाशी यायचं का? उपासना होऊ दे. दहाला सगळे जाऊ. तोवर देव राखील, एवढा तरी भरवसा ठेवा."

दहाला पाणी चढू लागलेले असते. तेव्हा बीळ बुजत नाही, माणूस वाहून जातो. हे मला माहीत होते आणि त्यांनाही. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशीही विहिरीत पडलेला बैल वर काढावाच, हा येशूचा धडा मी दर वर्षी शिकवत असे. त्यांच्या समोर उभा असताना तो मला अथपासून इतीपर्यंत आठवत होता. तरी मी मान डोलावली, घरी आलो आणि सकाळी सहाला धुतलेला सदरा घालून देवळात जाऊन बसलो. याला मी त्या वेळी आज्ञापालन म्हटले.

पहिले गीत संपले तेव्हा आमच्या मंडळीतल्या एक विधवा बाई उठल्या. त्या सुकी मासळी विकतात आणि सगळे त्यांना मावशी म्हणतात. ज्येष्ठांनी गीताच्या पुस्तकावरून नजर वर केली.

"मावशी, कुठे?"

"बांधावर."

"प्रार्थना चालू आहे."

"चालू द्या की. तुम्ही हायात ना इथं तेरा घरं."

पदर खोचून त्या निघून गेल्या. मी तसाच बसून राहिलो. साडेआठला पाळक आले. त्यांना बांधाविषयी कोणी काही सांगितले नाही, मीही नाही. प्रभुभोजनाची भाकर माझ्या हातात आली तेव्हा माझे हात अगदी स्वच्छ होते.

शेतकऱ्याने, त्याच्या दोन भावांनी आणि मावशींनी मिळेल तेवढा चिखल टाकला. चार माणसांना ते पुरे होण्यासारखे नव्हते. साडेबाराच्या सुमारास बांध फुटला. उपासना लांबली होती; आम्ही पोहोचलो तेव्हा दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी खांड पडली होती आणि भाताची फक्त टोके पाण्यावर दिसत होती.

सोमवारी मी शेतकऱ्याकडे क्षमा मागायला गेलो. तो जाळ्यात अडकलेला गाळ झटकत होता.

"माफी र्‍हाऊ द्या, मास्तर. येत्या ऐतवारी भांग हाय, भरती लहान. पानी चढत न्हाय तवाच खांड बांधता येते. आवसेच्या उधाणाआधी बांधली न्हाय तर मागची सगळी शेतं जातील, आनि माझ्यात आनखी मीठ बसंल. मानसं किती?"



बुधवारी पंचांची सभा झाली. ज्येष्ठांनी प्रार्थनेने सुरुवात केली आणि त्या प्रार्थनेतच फुटलेल्या बांधाला परीक्षा म्हटले. कोणाची परीक्षा, हे त्यांनी सांगितले नाही. शेत ज्याचे गेले त्याने ही परीक्षा मागितली नव्हती. त्यानंतर उपासनेचा भंग केल्याबद्दल मावशींना तीन महिने प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवावे, असे त्यांनी सुचवले. मला राग आवरला नाही.

"मग मलाही दूर ठेवा," मी म्हटले. "मावशींनी देवाचे ऐकले. मी तुमचे ऐकले. येत्या रविवारी मी बांधावर असेन, उपासनेला नाही."

"गुरुजी, तुम्ही बेरीज-वजाबाकी शिकवा. विश्वास फळ्यावर मांडून दाखवता येत नाही."

दोन पंच हसले. ते हसू मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

त्यानंतरचे तीन दिवस मी घरोघर गेलो. रविवारी आमच्यातले नऊ जण आले. पाच घरांतून कोणी आले नाही. बाकी गावातून घरटी एक माणूस होताच. खुंटांच्या दोन रांगा ठोकायच्या, मध्ये पेंढा आणि चिखलाचे गोळे दाबायचे, दोन्ही बाजूंनी आत सरकत यायचे, असे ते काम. रांगेत मावशी माझ्या आधी होत्या.

"गुरुजी, गोळा छातीशी धरा. खडूसारखा बोटांत काय धरताय?"

दुपारी खांडीत दोन-तीन हातांचे अंतर उरले आणि पाण्याने दिशा बदलली, भरती लागली. नेमके तेव्हा ज्येष्ठ आले, पांढऱ्या कपड्यांत, मंडळीतल्या आणखी चौघांसह. बांधावर उभे राहून त्यांनी हात वर केले.

"आपण सगळे क्षणभर थांबून प्रार्थना करू."

रांग खरोखरच थांबली. शेजारधर्म म्हणून गावकरीही थांबले. शेतकरी कमरेपर्यंत पाण्यात होता आणि माझ्याकडे पाहत होता.

"थांबू नका," मी म्हटले. आवाज वर्गातला निघाला. "प्रार्थना चालू राहील. हात चालू ठेवा."

ज्येष्ठांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मी उघड्या डोळ्यांनी गोळे पुढे देत राहिलो. त्यांच्याबरोबर आलेल्या चौघांपैकी एकाने चपला काढल्या आणि तो रांगेत शिरला. चारच्या आधी खांड मिटली.

अमावास्येच्या उधाणाला बांधाने पाणी अडवले. मागची शेते वाचली. त्या शेतकऱ्याचे शेत मात्र मिठाने पांढरे पडले आहे, आणि पुढचे दोन हंगाम तिथे काही उगवणार नाही. या वर्षीच्या कापणीच्या सणाला मंडळीचे भात वेदीपुढे मांडू नये, त्याच्या घरी पोहोचवावे, असा ठराव मी मांडला आहे. ज्येष्ठांनी तो दोनदा पुढे ढकलला. तिसऱ्यांदाही मीच मांडणार आहे.