ड्राय डेचं डोहाळजेवण

"आजी, डोहाळजेवण करायचं तर माझ्या टाक्यांपाशी," नात शर्वरी फोनवर म्हणाली. टाक्या म्हणजे बिअरच्या. ग्वाल्हेरबाहेर झाशी रोडवर एक ब्रुअरी आहे, तिथं ती बिअर बनवते. सात महिने एक घोट चाखलेला नाही, नुसत्या वासावर काम चाललंय. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी, अट घातली: रीतीप्रमाणे घरातलं लहान लेकरू शर्वरीच्या मांडीवर बसलं पाहिजे, नाहीतर सरळ दुसरीकडे हॉल घ्यायचा. लेकराला तिथं आत घेणार नाहीत, याची विहीणबाईंना खात्री होती. म्हणूनच मी विचारायला निघाले. मला अक्षर येत नाही, हे सगळं नातू मयूर टाइप करतोय. पण विचारायला तोंड पुरतं.

तुम्ही जाणार असाल तर नया बाजारातून जाऊन-येऊन गाडी ठरवा. परतीचं भाडं मिळत नाही म्हणून ऑटोवाले कुरकुर करतात. वाटेत महाराज बाड्यावरच्या बाजारात तिळगुळाचा खुसखुशीत गजक घेतला. नियम विचारायला रिकाम्या हातानं जाऊ नये.

मॅनेजर सभ्य होता, पण पक्का.

"अम्माजी, पार्टी प्राइवेट हो तो भी लाइसेंस वही रहता है. इक्कीस से कम का कोई हॉल में नहीं बैठेगा."

"और जो पेट में है, उसको गेट पर छोड़ दें?"

तो हसला, पण हलला नाही. बाहेरची बाटली आत आणायची नाही, इथली बिअर बाहेर न्यायची नाही, परवान्यात दाखवलेल्या जागेतच वाढायची. सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत आणखी मागे सरकून बसले.

"बेटा, तुम्हारी बिक्री बंद कब रहती है?"

"ड्राय डे को. बार बंद, सिर्फ़ किचन चालू."

"उस दिन बच्चा बैठेगा?"

आता तो विचारात पडला. त्यानं मालकाला फोन लावला, मालकानं आबकारी खात्यात विचारलं. तोवर मी सगळ्यांना गजक वाटला. उत्तर आलं: काउंटरला कुलूप, एक थेंब वाढायचा नाही, मग लेकरू बसू दे. मी म्हटलं, लिहून द्या. मला वाचता येत नाही, विहीणबाईंना येतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन उरकून निघालो. धुकं असं की ड्रायव्हर खिडकीतून मान काढून रस्ता शोधत होता. हिवाळ्यात जात असाल तर उन्हं वर आल्यावर निघा. हॉलचं भाडं नाही, माणशी जेवणाचे पैसे; पुरणपोळ्या आमच्या घरच्या, त्याला मॅनेजरची हरकत नव्हती.

विहीणबाई नाकाला पदर लावून आत आल्या. माझा थोरला मुलगा काउंटरच्या कुलपाकडे बघून उसासे टाकत होता. "छब्बीस जनवरी ही मिली थी, आई?" म्हणाला.

संक्रांतीचे दिवस, म्हणून काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने घालून शर्वरी टाक्यांपुढे उभी राहिली आणि सासूला समजावू लागली, "बार्लीला मोड आणायचे, वाळवायचे, मग हलकं भाजायचं."

विहीणबाईंचा पदर खाली आला. "अगं, हे तर नाचणीसत्वासारखंच!"

"हो, पण पुढे ते नासवायचं," मी म्हटलं.

"आजी, नासत नाही, बनता है वो!"

शर्वरीच्या बहिणीचं लेकरू मांडीवर बसलं आणि बसल्याबसल्या तिच्या गळ्यातला हलव्याचा हार चाटू लागलं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या पोरी ओटी म्हणजे काय ते शिकल्या, मग एकेकीनं भरली. शर्वरी रडली. मी नाही. मी मॅनेजरला दुसरी पोळी वाढत होते.

हे नियम आमच्याकडचे. तुमच्या राज्यात वेगळे असतील, आधी विचारा आणि लिहून घ्या.

घरी येऊन आठवडा झाला, शालीला अजून भाजलेल्या बार्लीचा वास आहे. धुवायला दिलेली नाही. काल विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, थंडीवर बोलल्या, मग हळूच म्हणाल्या, "बारशाच्या सुमाराला ड्राय डे येतो का हो कुठला? त्या मॅनेजरला विचारून ठेवा ना."