गुळाचा खडा आणि रिकामा तांब्या

मुलुंडला आमच्या चाळीमागे विहीर होती. ऐंशीच्या दशकात नळाचा काही भरवसा नसे, आम्ही तिचंच पाणी प्यायचो. एका दुपारी पिशवीवाला एक माणूस तिच्याभोवती घुटमळू लागला. कधी वाकून आत बघे, कधी दोर चाचपे. पालिकेचा असणार. विहीर बंद केली तर आमची वाट लागली असती.

"सार्वजनिक ना ही?" त्याने विचारलं.

"छे! खाजगी. धुण्याभांड्यापुरती," मी ठोकून दिलं.

त्याने नुसती मान डोलावली, घाम पुसला आणि शेजारच्या काकूंकडे पाणी मागितलं. काकू मालवणच्या. दारात आलेल्याला तहानलेला कशा पाठवतील? गुळाचा खडा आणि तांब्या पुढे करत म्हणाल्या, "पी रे बाबा, आमच्या विहिरीचा पाणी गोड आसा."

मी कपाळाला हात लावला. त्याने गूळ चवीने खाल्ला, पिशवीतून बाटली काढली आणि तांब्यातलं पाणी तिच्यात ओतलं.

"तपासायला नेतो. परक्यालाही प्यायला देता, म्हणजे सार्वजनिकच की!"

विहीर काही बंद झाली नाही, नुसतं औषध पडलं. पण त्यानंतर दारात कुणी पाणी मागितलं की काकू तांब्या घट्ट धरून विचारायच्या, "पिवक व्हया, की बाटलेत भरूक?"