आरशानं रंगवलेली ओल

त्यानं रंगवलेल्या भिंतीवरून हात फिरवला तर कुठे म्हणून अडायचा नाही, त्यामुळे कामावर सगळे त्याला आरसा म्हणत. तरुणपणापासून त्याचं काम एकच. भेग दिसली की पुट्टी भरायची, पोपडा सुटला की खरवडायचा, ओल आली की ती वाळू द्यायची आणि वरून असा हात मारायचा की घरमालकालाही नंतर जागा सापडू नये.

अशा माणसाला नळ आणि बेसिन बनवणाऱ्या एका कंपनीनं बोलावलं. वर मुख्य कार्यालय, खाली शोरूम, आणि दोन्हीकडे निसर्ग आणायचं घाटत होतं. जिन्याच्या कठड्याला सालीसकट फांद्या लागल्या होत्या, स्वागताच्या टेबलात नदीतले गोटे बसवले होते. सजावट करणारी डिझाइनर त्याच्या मुलीच्या वयाची. तिनं त्याला शोरूमच्या मधल्या भिंतीपुढे उभं केलं.

"काका, इथे डोंगरातली घळ हवीय. खडकाला भेगा गेल्यात, शेवाळ धरलंय, पाणी झिरपतंय."

"बरं. आणि त्याच्यावर रंग कुठला मारायचा?"

"तोच रंग, काका."

"म्हणजे धडधाकट भिंत खराब करायची?"

"खराब नाही हो! जिवंत करायची."

आरशानं मान डोलावली, पण डोक्यात काडीचंही शिरलं नाही. घरी बायकोनं विचारलं, "काय काम आहे?"

"ओल."

"काढायची?"

"आणायची."

बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

सुरुवातीला हात ऐकेना. भेग काढायचा आणि सवयीनं बोटानं पुसून टाकायचा. डिझाइनर येऊन म्हणायची, "काका, फार स्वच्छ झालंय," आणि ही तक्रार की कौतुक, हे त्याला कळायचं नाही. मग हळूहळू जमायला लागलं. खडक उठला, त्यावर हिरवट पापुद्रा चढला.

एके सकाळी येऊन पाहतो तर मोठ्या गोल बेसिनच्या मागे एक काळपट डाग. कडेला किंचित पिवळा, खाली ओघळ. इतका हुबेहूब, की आरसा ब्रश हातात धरून नुसता उभाच राहिला. हे आपण कधी केलं? काल निघताना तर नव्हतं.

तेवढ्यात डिझाइनर आली. "अय्या काका! काय झकास जमलंय हे!"

"मला वाटलं तुम्हीच केलंत."

"मी? मला ब्रश धरता तरी येतो का?" ती हसली. तोही हसला. समोरचं माणूस उगाच मोठेपणा नाकारतंय, असं दोघांनाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी डाग वाढलेला. "बास हं काका, आता आणखी नको," ती म्हणाली. त्यानं मात्र काल कुठे कुठे ब्रश लावला ते बोटांवर मोजून पाहिलं. त्याचे वडील म्हातारपणी जेवूनही जेवलो नाही म्हणायचे. आपलंही तसंच सुरू झालं की काय? धड कुणाला विचारताही येईना. हातानं चाचपून पाहावं तर ती म्हणाली होती, सुकेपर्यंत भिंतीला कुणी हात लावायचा नाही.

पुढे नळ जोडायला प्लंबर आला. वाकून दमला आणि भिंतीला टेकला. उठला तो पाठ चिंब.

"अहो, भिंत ओली आहे!"

"रंग आहे तो," डिझाइनर म्हणाली.

"ओला असेल अजून," आरसा म्हणाला.

प्लंबरनं शर्ट पिळला. स्वच्छ पाणी. तिघंही आळीपाळीनं शर्टाकडे आणि भिंतीकडे पाहत राहिले.

वरच्या कार्यालयाकडे जाणारा पाइप गळत होता. भिंत फोडली, पाइप बदलला, कोरा गिलावा झाला. आपलं डोकं ठिकाणावर आहे म्हणून आरशाला इतकं हायसं वाटलं, की गवंड्यालाही त्यानं चहा पाजला. तोच डिझाइनर आली.

"काका, इथे पुन्हा होतं तसंच करा."

"कसं? गळत होतं तसं?"

"हो. म्हणजे नाही. म्हणजे, दिसायला हो."

त्यानं ते केलं. स्पंजनं, चिंधीनं, आठवून आठवून. आपण स्वतःचं काम उतरवतोय, पाण्याचं, की पाइपाचं, हे काही त्याला उमगलं नाही.

उद्घाटनाला तो बायकोला घेऊन गेला. कंपनीचे मालक त्या भिंतीशी थबकले आणि मॅनेजरला हळूच म्हणाले, "इथे गळती दिसतेय. कुणाला बोलावलंय का?" डिझाइनरचा चेहरा फुलला. आरशाचे कान मात्र लाल झाले, आयुष्यात पहिल्यांदा त्याची चूक पकडली गेल्यासारखे.

बायकोनं गर्दीतून पुढे होऊन डागावर तळवा टेकवला. भिंत कोरडी ठणठणीत. तरीही तिनं हात झटकला.

"चांगलं झालंय ना हो?"

"सगळे म्हणतायत."

"तुम्हाला काय वाटतं?"

"काय माहीत," तो म्हणाला. "मला आत्ताही ती ओल वाढतेय असंच वाटतंय."