तात्यांचा ‘चार्ज’

कचेरीत कागदांच्या नकला करण्यात जन्म घालवलेल्या माणसाजवळ दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. आमच्या बऱ्हाणपूरच्या कचेरीतले निम्मे किस्से एकट्या तात्यांचे! तात्या म्हणजे कोर्टातले दुभाषी. साहेबांचं इंग्रजी लोकांना आणि लोकांचं बोलणं साहेबांना समजावून द्यायचं, हे त्यांचं काम. इंग्रजी चारच इयत्ता झालेलं, पण शब्दाची खात्री पटल्याशिवाय गडी तोंड उघडायचा नाही.

*

एकदा साहेब दौऱ्यावरून आले आणि घोड्याचा ‘चार्ज’ घ्या, असं तात्यांना सांगून आत गेले. तात्या मागोमाग आत!

“साहेब, घोडा सांभाळू, त्याचं भाडं घेऊ, का कोणाच्या अंगावर घालू?”

साहेब खो खो हसले. घोडा तोवर त्यांच्याच बागेतली केळीची पानं खात होता.

*

हे अर्थ तात्यांनी डिक्शनरीतून नाही, गावातून गोळा केले होते. भाड्याचा स्टेशनच्या मालबाबूकडून. हल्ल्याचा मात्र असीरगडच्या एका पेन्शनर हवालदारानं करूनच दाखवला. काठी रोखून, आरोळी ठोकून तो असा धावला की त्याच्याच बकऱ्या डोंगर उतरून पळाल्या!

तात्या म्हणाले, “हवालदारसाहेब, शब्द समजला. आता बकऱ्या शोधू.”

दोघं दिवसभर बकऱ्या शोधत होते.

*

कोर्टात हाच शब्द आला की तात्यांचा आवाज बदलायचा. एका विणकरावर चोरीचा चार्ज वाचला गेला. त्यानं घाबरून पागोटं काढून साहेबांपुढे ठेवलं. तात्यांनी ते उचलून त्याच्या हातात दिलं.

“डोक्यावर ठेव बाबा. हा नुसता आरोप आहे. गुन्हा अजून शाबीत व्हायचाय.”

साहेब म्हणाले, “मी एक शब्द बोललो. तुम्ही इतकं काय सांगितलं?”

“तोच शब्द साहेब. पुरा सांगितला!”

असा माणूस आमच्या कचेरीत होता, याचा मला आजही अभिमान वाटतो.

*

पुढे नवे साहेब आले. त्यांना तात्यांचं सारखं विचारणं खपेना. “ज्याला विचारावं लागतं, त्याला येत नाही,” म्हणून त्यांनी नागपूरहून एक पदवीधर बाबू मागवला. तात्यांनी त्याला चार्ज दिला. हा अर्थ मात्र त्यांनी कोणाला विचारला नाही. मला त्या दिवशी एकही नक्कल करवली नाही.

*

महिनाही झाला नसेल. डोईफोडिया गावच्या सुपडाबाईच्या मुलावर सरकारी जंगलातलं लाकूड तोडल्याचा खटला उभा राहिला. म्हातारी साक्षीला आली आणि बराच वेळ बोलली. बाबूनं ते साहेबांना एका वाक्यात सांगून टाकलं.

म्हातारीनं बाबूकडे पाहिलं, मग थेट साहेबांकडे.

“मी एवढी बोलली, अन् ह्या बाबूनं एवढंसंच सांगलं! बाकीचं माह्यं कुठी गेलं?”

ती काय म्हणते, असं साहेबांनी विचारलं. बाबू समोरचे कागद चाळू लागला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि मला तात्यांच्या घरी धाडलं.

तात्या आले. बाबू उठून उभा राहिला. साहेबांनी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला. तात्यांनी ती खुर्ची उचलली, साक्षीदाराच्या जागी नेऊन ठेवली आणि म्हणाले,

“बस माय. आता पहिल्यापासून सांग.”